बासष्टमामांचा जिना

जन्मभर जिने बांधणारा माणूस स्वतः कुठल्या मजल्यावर राहतो, असं कुणी विचारलं की बासष्टमामा छाती पुढे काढून सांगत, "तळमजल्यावर! स्वयंपाक्याला कधी भूक लागलेली पाहिलीत का?" आणि स्वतःच्याच विनोदावर असे हसत की समोरच्यालाही हसावं लागे. मामांच्या विनोदांना वय झालं होतं, पण मामा ते रोज नव्याने रंधा मारून बाहेर काढत.

गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बासष्ट म्हटलं की पुरे. कारण मामा जिन्याचं माप घेताना एकच मंत्र म्हणत, तोही मोठ्याने, जणू गिऱ्हाईक बहिरं आहे: "दोन चढ नि एक पाट, बासष्ट झाले की सोपी वाट!" चढ म्हणजे एका पायरीपासून वरच्या पायरीची उंची, पाट म्हणजे पाऊल टेकायची रुंदी. उंचीची दुप्पट घ्या, तिच्यात रुंदी मिळवा, बेरीज बासष्ट सेंटीमीटर आली की जिना चढताना माणूस धापा टाकत नाही आणि उतरताना कोलमडत नाही. हे त्यांना त्यांच्या वस्तादांनी शिकवलं होतं, आणि वस्तादांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. गावातल्या निम्म्या घरांत माणसं त्या बासष्टावरून वर-खाली करत होती.

आता खरं सांगायचं तर मामांना गणिताचं वावडं होतं. शाळेत फळ्यावर 'क्षची किंमत काढा' असं लिहिलं की ते उभे राहून विचारत, "ज्याची किंमत ठाऊक नाही ते विकायला मांडलंच कशाला?" वर्ग हसायचा, मास्तर छडी शोधायचे. मंत्र सरळ म्हणायचा तर मामांची काही हरकत नव्हती. चढ माहीत आहे, दुप्पट करा, बासष्टातून वजा करा, आला पाट. पण एकदा वस्तादांच्या हाताखाली नवे असताना घोड्याने पेंड खाल्लीच. एका घरमालकाने दगडी फरश्या आधीच कापून आणल्या होत्या, तीस सेंटीमीटर रुंदीच्या. म्हणजे पाट ठरलेला, चढ काढायचा. वस्ताद म्हणाले, "काढ रे." आमच्या हिरोने बासष्टाचे अर्धे केले, एकतीस. त्यातून तीस वजा केले. उरला एक. "वस्ताद, एक सेंटीमीटर चढ!" असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं.

"जिना बांधतोयस की चटई अंथरतोयस?" वस्ताद ओरडले, आणि ते वाक्य पुढे कितीतरी दिवस कामावरच्या प्रत्येक माणसाने मामांना ऐकवलं.

त्या संध्याकाळी तोंड पाडून घरी आलेल्या भावाला ताईनेच सावरलं. ताई मोठी. ती तेव्हा नुकतीच बाजाराच्या वेशीवरच्या वजनकाट्यावर नोकरीला लागली होती, मालाच्या गाड्या तोलायला. तिने त्याला घरातल्या जिन्यावर नेऊन उभं केलं. "चढ. सगळ्यात शेवटी कोणती पायरी लागली?"

"ही, वरची."

"आता उतर. पहिली कोणती लागली?"

"हीच की."

"मग झालं तर! मंत्र म्हणताना तू आधी दुप्पट करतोस आणि शेवटी पाट मिळवतोस. परत येताना शेवटचं आधी सोडवायचं. पाट आधी काढ, मग अर्धे कर. बासष्टातून तीस गेले, बत्तीस. त्याचे अर्धे सोळा. घे तुझा चढ, आणि जेव आता."

मामा ते कधी विसरले नाहीत. बीजगणित म्हणजे जिना उतरणं, एवढं त्यांना पटलं आणि तेवढ्यावर त्यांचा जन्मभराचा धंदा चालला. लग्नाचं मात्र राहूनच गेलं. आधी वेळ नव्हता, मग वय नव्हतं. ताईचा नवरा गेला, मुलगा नोकरीनिमित्त लांबच्या शहरात गेला, तेव्हा मामांनी आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या वर दोन खोल्या आणि गच्चीसारखी मोठी गॅलरी काढली आणि ताईला राहायला आणलं. खाली पुढच्या बाजूला कारखाना, मागे स्वयंपाकघर आणि मामांची खाट. वर ताई. वरचा जिना अर्थातच मामांच्या हातचा. जागा कमी म्हणून चढ बावीसचा, पाट अठराचा. चव्वेचाळीस नि अठरा, बासष्ट! शिडीसारखा खडा जिना, पण मंत्रात चोख बसलेला. मामा त्याच्याकडे आपल्या पोराकडे पाहावं तसे पाहत.

रोज संध्याकाळी काम आटोपलं की मामा चहाची किटली घेऊन वर जात आणि गॅलरीत बसून बहीणभाऊ गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करत. दिवसभरातला त्यांचा सगळ्यात आवडता वेळ हाच.

मग ताईंच्या गुडघ्याने संप पुकारला. उतरायचं म्हटलं की कळ थेट डोक्यात जायची. त्या वरच अडकल्या. मामांनी लगेच उपाय काढला. गॅलरीच्या कठड्याला कप्पी, कप्पीतून दोर, दोराला टोपली. भाजी, औषध, पाव, चहाची किटली, सगळं टोपलीतून वर. "कामाचा ढीग पडलाय गं," मामा खालून ओरडत, "तू पी, मी इथेच घेतो." मग ताई वर चहा पीत, मामा खाली अंगणात, आणि गप्पा ओरडून होत. गल्लीची टिंगल मात्र बंद पडली, कारण ओरडून टिंगल केली की गल्लीला ऐकू जाते.

भाचा हे सगळं फोनवर ऐकत होता. मुलगा गुणाचा, आणि उंचीने असा की दारातून येताना वाकतो. एके दिवशी तो येऊन म्हणाला, "आई, आता पुरे. माझ्याकडे चल. तळमजला आहे, एक पायरी नाही."

"तळमजला तर इथेही आहे," ताई म्हणाल्या.

"तिथे भुसा उडतो. तू अर्ध्या तासात खोकून बेजार होतेस. खाली भुसा, वर गुडघा. राहणार कुठे तू? टोपलीत?"

ताई हसल्या. मामा खाली मान घालून एका फळीचा कोपरा घासत राहिले. तो कोपरा आधीच गुळगुळीत होता.

"मामा, तुमच्यावर राग नाही," भाचा म्हणाला. "पण आई अशी कोंडून नको राहायला. महिनाअखेर मी गाडी घेऊन येतो. तोवर तुम्ही असा जिना बांधलात की आई कुणाचा हात न धरता खाली येईल आणि परत वर जाईल, तर मी एक शब्द बोलणार नाही. गाडी रिकामी नेईन."

"बांधला समज!" मामा गरजले. भाचा गेल्यावर मात्र ते रंधा हातात घेऊन बसून राहिले. ताई गेली तर या घरात बोलायचं कुणाशी, रंध्याशी?

दुसऱ्या दिवशी मामा फळ्यांचे तुकडे घेऊन वर निघाले. जिन्याच्या मध्यावर थांबून त्यांनी एका पायरीवर बोटाने टकटक केली. हल्ली ते तिथे दरवेळी थांबत. लाकूड तपासायला, असं ते सांगत. वर जाऊन त्यांनी ताईंपुढे फळ्यांची चळत रचली. "पाय ठेव. दुखलं की सांग." एक फळी, दोन फळ्या, तीन. बारा सेंटीमीटरपर्यंत ताईंचा चेहरा शांत राहिला. चौदाला त्यांनी ओठ चावला.

"बारा!" मामांनी टाळी वाजवली. "चढ बारा. दुप्पट चोवीस. बासष्टातून चोवीस गेले, अडतीस. पाट अडतीसचा. बघ, एका दमात काढलं!"

"शाब्बास रे धाकट्या," ताई म्हणाल्या. "यंदा पास."

मामा पट्टी घेऊन अंगणात उतरले आणि हिशेब पुढे नेला तेव्हा कपाळाला हात लावायची वेळ आली. बाराच्या चढाने वर पोचायला बावीस चढ लागणार होते. अडतीसच्या पाटाने तो जिना आठ मीटर लांब होत होता. शेजारचा बेकरीवाला कुंपणावरून हे पाहत होता. तो म्हणाला, "मामा, हा जिना कुंपण ओलांडून माझ्या भट्टीत उतरतोय. बरं आहे, ताई पाव घेऊनच वर जातील."

"तू पाव भाज, डोकं भाजू नकोस," मामा म्हणाले. पण करणार काय? अंगणात तीन वळणं घेऊन कसाबसा बसवू, असं ठरवून त्यांनी आधी नमुन्याच्या तीन पायऱ्या केल्या. नमुना केल्याशिवाय जिना कापायचा नाही, ही वस्तादांचीच शिस्त. बेकरीवाल्याने आणि त्यांनी मिळून तो नमुना कप्पीच्या दोराने गॅलरीत ओढून घेतला. दोर कुरकुरला, बेकरीवाला त्याहून जास्त.

ताई पहिल्या पायरीवर चढल्या, छान. दुसऱ्या पायरीकडे निघाल्या तर पाऊल पोचेना. मध्येच एक छोटं पाऊल टाकावं लागलं, मग पुढचं नेमकं पायरीच्या धारेवर पडलं. ताई डोलल्या आणि बेकरीवाल्याने त्यांना दंडाला धरलं नसतं तर अनर्थच होता.

"पुन्हा कर," मामा म्हणाले. "नीट मोठं पाऊल टाक ना."

ताईंनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मामांचा आवाज चढला. "अगं, माप बरोबर आहे! बासष्ट म्हणजे बासष्ट. तू चालतेस चुकीचं!"

बेकरीवाल्याला एकाएकी भट्टीची आठवण झाली आणि तो पसार झाला. नाचता येईना अंगण वाकडे, असं लोकांना ऐकवत आलेला माणूस आज अंगणाची बाजू घेऊन नाचणाऱ्याला झापत होता. हे मामांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते एकदम खुर्चीत बसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, मला जमत नाही गं," ते म्हणाले. "तू जाशील."

ताईंनी त्यांना रडू दिलं. मग खुर्ची ओढून त्या समोर बसल्या. "तुझी वजाबाकी बरोबर आहे. मी मघाशीच तपासली. मला एक सांग, बासष्ट कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? बासष्ट म्हणजे बासष्ट."

"आमच्या काट्यावर तीन गोष्टी असायच्या. भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि माल. दोन माहीत असल्या की तिसरी निघते, मग ती कोणतीही असो. रिकाम्या गाडीचं वजन तिच्या दारावर रंगवलेलं असायचं. ड्रायव्हर म्हणायचे, बाई, तेच धरा, कशाला त्रास? मी कधी धरलं नाही. गाडी जुनी होते, फळ्या बदलतात, बुडाला चिखल बसतो. दारावरचा आकडा ती नवी होती तेव्हाचा. मी प्रत्येक गाडी रिकामी झाली की परत काट्यावर घ्यायची. शिव्या द्यायचे मला. पण माल बरोबर निघायचा."

मामांनी नाक पुसलं.

"तुझ्या मंत्रात तू चढ बदललास, पाट बदललास, पण बासष्टाला हात लावला नाहीस. तो कुणीतरी कधीतरी मोजलाच असेल ना? कशाचा आहे तो?"

मामांनी डोकं खाजवलं. मग त्यांना आठवलं. काम सुरू करण्याआधी वस्ताद मोकळ्या जागेत ऐटीत चालून दाखवायचे आणि म्हणायचे, माणसाचं पाऊल असं पडतं. वस्ताद तरणेबांड, मांडीवर थाप मारणारे गडी. बासष्ट म्हणजे सपाट जमिनीवर त्यांचं एक पाऊल. "अगं बाई!" मामा पुटपुटले. "मी तुला वस्तादांच्या पायांनी चालवत होतो की!"

त्यांनी स्वयंपाकघरातली परात वर आणली, तिच्यात पाणी ओतलं आणि ताईंना पाय बुडवून गॅलरीच्या कोरड्या फरशीवर चालायला सांगितलं. "मुद्दाम चालू नकोस. दूधवाल्याला पैसे द्यायला जातेस तशी चाल." ओली पावलं उमटली. मामा गुडघ्यावर बसून एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत पट्टी लावत गेले. बावन्न. पुन्हा बावन्न.

"बावन्नातून चोवीस गेले," मामा हळूच म्हणाले, "अठ्ठावीस."

अठ्ठावीसचा पाट! तीन वळणांचं लचांड गेलं. अंगणात एकच वळण, मध्ये ऐसपैस टप्पा, दोन्ही बाजूंना अकरा अकरा चढ. नमुना पुन्हा केला, पुन्हा ओढून वर घेतला, आणि ताई तिन्ही पायऱ्या चढल्या-उतरल्या तेव्हा खाली पाहायचंसुद्धा विसरल्या. त्यानंतर मामांच्या करवतीला उसंत नव्हती. बेकरीवाला रोज कुंपणावरून फुकट सल्ला द्यायचा आणि रोज ताजा पावही द्यायचा, म्हणून त्याचं ऐकून घेतलं जायचं.

महिनाअखेर भाचा गाडी घेऊन आला. ताईंनी एक बॅग भरून गॅलरीत ठेवली होती. शब्द म्हणजे शब्द. बेकरीवाला, त्याची बायको, समोरचा सायकल दुरुस्तीवाला, सगळे अंगणात जमले. ताई वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. मामांनी हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. हात धरायचा नव्हता.

ताई उतरल्या. एक पायरी, एक पाऊल, सहज, भाजी आणायला निघाल्यासारख्या. टप्प्यावर थांबल्या ते दमून नव्हे, बेकरीवाल्याच्या बायकोला "हा रंग तुला शोभतो गं" म्हणायला. खाली आल्या, अंगणात एक फेरी मारली, कोपऱ्यातल्या कुंडीतलं वाळकं पान खुडलं आणि परत वर गेल्या. टाळ्या पडल्या. सायकलवाल्याने तर घंटी वाजवली.

भाच्याचे डोळे ओले झाले होते. ते लपवायला तो "मी बॅग आत नेतो" म्हणत धावत वर निघाला आणि त्या बुटक्या पायऱ्यांवर त्याचे लांब पाय असे अडखळले की तो टप्प्यावर चारी मुंड्या चीत. "मामा! हा जिना चुकलाय!"

"तुझ्यासाठी नाहीये तो," मामा म्हणाले. "आईच्या चालीने चाल, मग नाही पडणार."

"बरं, तुम्ही चालून दाखवा."

"त्यात काय दाखवायचंय!" मामा निघाले. निघाले ते तोंड चालवतच. बारा कसे ठरले, बावन्न कसे निघाले, लाकूड कुठून आणलं, सायकलवाल्याने घंटी वाजवायची काही गरज होती का. बोलत बोलत ते वर पोचले, ताईंसमोर उभे राहिले आणि तरी बोलतच होते.

ताई त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. त्यांनी कोपऱ्यातली परात पायाने पुढे सरकवली. पाणी भरलेलंच होतं. "बुडव पाय."

"मी? कशाला?"

"बुडव म्हणते ना."

मोठ्या बहिणीपुढे कुणाचं चाललंय? मामांनी पाय बुडवले, फरशीवर चालले आणि वळून पाहिलं. ओली पावलं अगदी जवळ जवळ पडली होती. पट्टी ताईंनीच लावली, कठड्याला धरून, वाकून.

"त्रेपन्न," त्या म्हणाल्या.

मामांनी पट्टी हिसकावून घेतली, स्वतः लावली. त्रेपन्न. जन्मभर ज्या माणसाला गाव बासष्ट म्हणत आलं त्याचे बासष्ट कधीच सरले होते आणि त्याला पत्ताच नव्हता.

"आज बोलत वर आलास," ताई म्हणाल्या. "जुन्या जिन्याने यायचास तेव्हा इथे पोचल्यावर पाच मिनिटं तोंडातून शब्द फुटायचा नाही. मध्यावर लाकूड तपासायचास ते काय मला कळत नव्हतं? आता खरं सांग, ती टोपली माझ्यासाठी होती का रे?"

मामांनी टोपलीकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. भाचाही हसायला लागला, ताई तर आधीपासूनच हसत होत्या.

"मला वाटलं तुला कंटाळा आला माझा," ताई म्हणाल्या. "महिने झाले, एक संध्याकाळ वर आला नाहीस. म्हणून तर बॅग भरायला घेतली होती मी. गुडघ्याचं काय, त्याच्याशी मी भांडले असते."

"कंटाळा?" मामांनी पट्टी खाली ठेवली. "अगं, मला तो जिना चढवत नव्हता. माझ्याच हातचा जिना. सांगू कुणाला?"

"मला सांगायचं. आणखी कुणाला?" ताईंनी पदराने डोळे पुसले आणि कप्पीकडे बोट दाखवलं. "तो दोर सोड आधी. आणि उद्यापासून चहाची किटली हातात घेऊन यायचं, दोन कप आणायचे, आणि इथे बसून प्यायचा. गल्लीबद्दल कितीतरी बोलायचं साठलंय माझ्याकडे."

मामांनी दोर सोडला. टोपली खाली अंगणात धपकन पडली आणि तिच्यात बसलेलं बेकरीवाल्याचं मांजर शिव्या देत पळालं. मग उद्याची वाट कोण पाहतो म्हणत मामा तेव्हाच किटली आणायला खाली निघाले.